डब्यांची खोली

सुकेशनीने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, ओढणी नाकाला लावली आणि टाकलेलं पाऊल तसंच मागं घेतलं. एवढंच झालं. "बाबा, किती वास यायलाय हो इथं," ती म्हणाली. मी म्हणालो, "कसला?" तिला वाटलं, मी नेहमीसारखी फिरकी घेतोय. मी तर खरंच विचारत होतो. खोलीच्या मधोमध उभा राहून मी छाती दुखेपर्यंत श्वास ओढला आणि आत आली ती नुसती हवा, फेब्रुवारीतल्या दुपारची, कोमट. मांडणीवर माझे डबे होते, खाली टर्पेंटाइन-थिनरच्या बाटल्या, खिळ्याला ब्रश पुसायच्या चिंध्या, खिडकीबाहेर शेजारच्या किशनरावांचा शेवगा. सगळं जागच्या जागी दिसत होतं. पोरगी दाराबाहेर उभी होती, एक हात पोटावर, दुसरा नाकावर, आणि डोळ्यांत पाणी. ते पाणी रागाचं की वासाचं हे मला कळेना आणि विचारायची हिंमत होईना.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच. सातव्या महिन्यात तिला परभणीला आणायचं, असं जावयाशी, सिद्धोधनशी, बोलणं झालं होतं. घरात जागा म्हणाल तर पुढची खोली, तिथं मी, माझी बायको सुलाबाई आणि टीव्ही राहतो, मागं स्वयंपाकघर, आणि ही तिसरी, डब्यांची. बाळंतिणीला दुसरी जागाच नव्हती. जन्मभर बोर्ड रंगवले, म्हणून जन्मभराचे उरलेले रंग त्या खोलीत. सुकेशनी पाथरीला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं बापाशीही ती फळ्याजवळ उभी राहिल्यासारखी बोलते. "डबे गेले, वास गेला की मी येते," ती म्हणाली. "न्हाईतर पाथरीलाच बरी हाय. सासूबाई हायेत करायला." मी म्हणालो, "अगं, बंद डबे हायेत, ते काय चावतात?" त्यावर ती जे बोलली ते शांतपणे बोलली, म्हणून जास्त लागलं. "तुमाला डबेच प्यारे असतील तर ऱ्हाऊ द्या. मी काय जबरदस्ती करायले का?"

तिला बसमध्ये बसवून मी चालत परत निघालो आणि नाकाची परीक्षा घेत निघालो. भज्यांच्या गाड्यावर तेल उकळत होतं, धूर डोळ्यांत गेला, नाकात काही नाही. मोगऱ्याच्या गजऱ्यांवर वाकलो तर गजरेवाली म्हणाली, "काका, घ्यायचं न्हाई तर हुंगू नका." मुतारीजवळून जाताना सगळं जग नाक दाबतं; मी तिथं थांबून खोल श्वास घेतला. लोक बघायला लागले तेव्हा पाय उचलला. डोळा गेला तर माणूस आरडाओरडा करतो, कान गेला तर घरचे करतात. नाक कधी गेलं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात चुलीवर, म्हणजे गॅसवर, डाळ करपली तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो आणि सुलाबाई बाहेरून धावत आली होती. "झोपलावता का?" तिनं विचारलं होतं. मी "हो" म्हणालो होतो, कारण मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटलं, किती गोष्टींना आपण असंच "हो" म्हणत आलो असू. मला भीती वाटली. घरी गेल्यावर मी ती कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उतरवायला घेतले. ऑइलपेंटचा उरलेला डबा ठेवायची आमची एक रीत आहे. रंगावर वाटीभर पाणी ओतायचं, मग झाकण ठोकायचं. वर पाणी, खाली रंग, साय धरत नाही. ही रीत मला उस्तादांनी शिकवली. स्टेशनकडं त्यांचं बोळाएवढं दुकान होतं आणि पालमहून आलेला मी तिथं आधी ब्रश धुवायला राहिलो. "हाथ साफ, नीयत साफ, तब अक्षर साफ," म्हणायचे आणि ब्रशाचं टोक ओठांत धरून जमवायचे. त्यांचं बघून मीही ओठांत धरायला लागलो. कितीतरी वर्षं पिवळा, लाल, हिरवा माझ्या जिभेवरून बोर्डावर गेला. आता एकेक झाकण उचकटत गेलो आणि पाण्याखालून रंग जिवंत निघायला लागले. हा किरमिजी बँकेच्या बोर्डाचा. हा पोपटी रेशन दुकानाचा. दुकानदार म्हणाला होता, मला आंब्याच्या पानासारखा पाहिजे, आणि मी पान आणून शेजारी धरून रंग जमवला होता. हा निळा भीमजयंतीचा. दरवर्षी कमानीवरची अक्षरं मी फुकट लिहायचो, वस्तीतले सगळे खाली उभे राहून बघायचे आणि शेवटचा काना ओढला की कुणीतरी शिट्टी मारायचं. मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून येतो, सकाळी टांगला जातो, आणि अक्षरं अशी की बघणाऱ्याला लाज वाटावी, पण बघतो कोण? मी डबे झाकून मांडणीवर ठेवत गेलो. कधीतरी लागतील म्हणून. कधी, ते विचारायचं नाही.

"तुला बी वास येतो का ह्या खोलीचा?" मी सुलाबाईला विचारलं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. "लगीन होऊन आले त्या दिवसापासून येतो," ती म्हणाली. "तवा तर डोकं धरायचं. तुमच्या अंगाला, उशीला, भाकरीला बी." मी म्हणालो, "मग इतक्या वर्षांत बोलली का न्हाईस?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "वास यायचा म्हंजे काम यायचं. ज्या महिन्यात वास नसायचा त्या महिन्यात मला झोप लागत नव्हती." ती परत तांदळात बघायला लागली. मी एक डबा विनाकारण पुसत राहिलो. माझ्या घरात एक वास माझ्याबरोबर राहत होता, जेवत होता, बायकोच्या झोपेचा हिशेब ठेवत होता, आणि मला त्याची ओळखही नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा.

डबे खाली उतरले, पण घालवायचे कुठं? किशनराव, आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, सल्ला द्यायला कधी मागं नसतात. "नालीत वता की भगवानराव, पाण्याबरोबर जातंय." मी तेच केलं असतं. आयुष्यभर ब्रश नालीतच धुतले. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग फिरायचा तेव्हा सुंदरही वाटायचा. पण सुकेशनीला फोनवर सहज बोललो तर तिनं वर्गच घेतला. नालीत नाही, कारण ते पाणी मुरतं आणि आपला बोअर तिथून दहा हातावर आहे. जाळायचं नाही. पुरायचं नाही. जुन्या पिवळ्या-लालात शिसं असतं, ते बाळाच्या रक्तात जातं, म्हणून भिंतीवर उडालेला रंग कोरडा खरडायचा नाही, पाणी मारून ओलाच काढायचा. पालमला माझा भाऊ पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी रंग मागत असतो, त्याला देऊ का विचारलं, तर म्हणाली, "बैल एकमेकाची शिंगं चाटतात, बाबा. त्यांना गेरूच बरा." मग जरा थांबून म्हणाली, "चांगला असंल तो वापरून संपवा. तोच सगळ्यात चांगला उपाय हाय. पण घराबाहेरच्या कामाला." वापरून संपवा. इतकी वर्षं हे मला कुणी म्हणालं नव्हतं. कुणी काम दिलं तरच रंग वापरायचा, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं.

मार्च लागत होता. मार्चात आमच्या गल्लीत गच्च्यांवरून कूलर उतरतात. लोखंडी पत्र्याचे, गंजलेले, गवत सडलेले. प्रत्येक घराला एक, परभणीच्या उन्हाळ्यात त्याच्यावाचून माणूस जगत नाही. मी किशनरावांना म्हणालो, "तुमचा कूलर आणा, रंगवून देतो. पैसे नकोत." दुपारपर्यंत अंगणात कूलरांची रांग लागली. फुकट म्हटल्यावर लोकांना रंगाची आवड किती असते, ते बघण्यासारखं होतं. मी गंज काढला, पत्रे पुसले आणि ब्रश बुडवला. बऱ्याच दिवसांनी हात चालला. किशनरावांचा कूलर बँकेचा किरमिजी झाला. कोपऱ्यावरच्या भुजंग मास्तरांचा आंब्याच्या पानाचा पोपटी. एकाचा अलीकडच्या डब्यातला पिवळा, त्याच्या कडेला मी काळी छाया दिली, उगीच, हात थांबेना म्हणून. जयंतीच्या निळ्यानं विहाराची जाळी एका सकाळीत उरकली. चिंध्या संपल्या की मी त्या ढीग न करता तारेवर वेगवेगळ्या वाळत टाकायचो, कारण जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा उस्तादांच्या दुकानात एकदा भर दुपारी आपोआप पेटलेला मी पाहिला होता. आत कुणी बिडीही ओढत नव्हतं. डबे रिकामे व्हायला लागले तसा मला हव्यास सुटला. अजून एक संपावा, अजून एक. म्हणून मी कूलरच्या आतूनही, पाण्याच्या टाकीत, रंग लावला. गंज धरणार नाही, असं लोकांना सांगितलं. एका हाताच्या जागी दोन हात दिले, जाड, तब्येतीत. बोट लावून बघितलं, वाळला होता. कूलर गेले ज्याच्या त्याच्या घरी, आमचाही रंगवून डब्यांच्या खोलीच्या खिडकीला लागला. मी सुकेशनीला फोन करून सांगितलं, जवळजवळ सगळं संपलं, तू यायची तयारी कर.

ऊन तापलं, लोकांनी बटणं दाबली आणि दुसऱ्या दिवशी किशनरावांच्या कुसुमबाई डोक्याला रुमाल बांधून आल्या. "भगवानराव, कूलर लावला की घरात रॉकेलात बसल्यावाणी होतंय. रात्री उलटी झाली मला." मी म्हणालो, "वाळलाय की तो. बोट लावून बघितलाय मी." मी ठासून म्हणालो. चाळीस अंशांत वाळणार नाही असा रंग मी आजवर लावला नाही, असंही म्हणालो. मग भुजंग मास्तर आले, मग पलीकडचे. सुलाबाई आत गेली, आमच्या कूलरच्या तोंडाशी उभी राहिली आणि पदर नाकाला लावून बाहेर आली. तिनं मला हाताला धरून खोलीत नेलं. कूलर चालू होता, गार हवा तोंडावर येत होती, मला बरं वाटलं. "ह्यात काय हाय?" मी विचारलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं थिनरची बाटली उचलली, बूच काढलं आणि माझ्या नाकाखाली धरली. मी श्वास घेतला. डोळे चुरचुरले. मी नाक तसंच बाटलीवर ठेवलं आणि ती समजली. "कवापासून?" तिनं विचारलं. मी ठाऊक नाही अशी मान हलवली. तिनं बूच लावलं, कूलरचं बटण बंद केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी तिनं असा हात ठेवलेला मला आठवत नाही.

जाड लावलेला जुना रंग वरून कातडी धरतो आणि आत कच्चाच राहतो, हे मला कळायला हवं होतं. वर्षानुवर्षं नाकानंच कळत असणार. बोटावर मी फार विश्वास टाकला. पण रंगाचं मला तेवढं वाटलं नाही. मला सारखं दुसरंच दिसत होतं. सुलाबाई त्या दिवशी घरात नसती, कुसुमबाई आल्या नसत्या, तर मी सुकेशनीला आणून त्याच खोलीत झोपवलं असतं, तो कूलर तिच्या उशाला लावला असता आणि म्हणालो असतो, बघ, गार वाटतंय ना. पोरीनं बापावर भरोसा ठेवून डोळे मिटले असते. ते चित्र माझ्यासमोरून हलेना. जेवताना दिसायचं, आंघोळ करताना दिसायचं. मी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि वाईट करायला चिंतावं लागतंच असं नाही, हे मला या वयात कळत होतं.

कूलर परत अंगणात आले. टाक्यांमधला कच्चा रंग मी खरडायच्या पत्रीनं ओला-ओलाच काढला, खपल्या एका डब्यात भरल्या आणि कूलर उघडे उन्हात ठेवून दिले. गल्ली ऐन उन्हात कूलरवाचून बसली आणि लोकांनी मला सोडलं नाही. "भगवानराव, फुकटचं लय महाग पडलं," भुजंग मास्तर जाता-येता म्हणायचे. मी हसायचो. रोज उन्हं कलली की सुलाबाई पदर खोचून निघायची आणि एकेका कूलरमध्ये तोंड घालून वास घ्यायची, मी मागं उभा. "अजून हाय." "हा गेला." "ह्याला दोन दिस लागतील." ती म्हणेल तोच कूलर परत जाणार, असा कायदा झाला. सुरुवातीला मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग बरं वाटायला लागलं. संसारात अर्धी कामं ती करत होतीच, आता नाकाचंही तिच्याकडं गेलं. एकदा वाटेत ती आपणहून सांगायला लागली, "कुसुमबाईकडं वांगं भाजायलेत. मास्तरांच्या नळाला पाणी आलंय, माती भिजल्याचा यायलाय." मी ऐकत चाललो. आंधळ्याला कुणी रस्ता सांगावा तसं ती गल्ली सांगत होती.

जे वापरता येणार नव्हते ते डबे उरले. शिशाचा पिवळा, आटलेला शेंदरी, खपल्यांचा डबा, आणि थिनरच्या बाटल्यांचा गाळ. बाटल्या न हलवता उभ्या ठेवल्या की वर थिनर निवळतं, ते ब्रश धुवायला परत चालतं. खाली राहिलेला गाळ मी लाकडाच्या भुशात कालवून डब्यात बंद केला. घंटागाडीवर निकिता नावाची मुलगी असते. तिला विचारलं तर म्हणाली, "असल्यासाठी गाडीला मागं वेगळा खण हाय, काका. पण सुट्टं न्हाई घेत. झाकण ठोकून द्या, आन आत काय हाय ते वर लिहा." मी बैठक मारून लिहायला बसलो. एकेका डब्यावर, पांढऱ्या पट्टीवर काळ्यानं: जुना रंग. शिसे असू शकते. उघडू नये. शिरोरेघ दोऱ्यासारखी सरळ आली. 'शि'च्या वेलांटीला मी थोडी ऐट दिली. किशनराव भिंतीवरून बघत म्हणाले, "कचऱ्यात टाकायच्या डब्यावर एवढी नक्षी?" मी म्हणालो, "वाचणाऱ्यानं वाचलं पायजे." निकितानं डबे खणात ठेवताना अक्षरांवरून बोट फिरवलं आणि गाडी घंटा वाजवत पुढं गेली. मला वाटलं होतं, डबे जाताना जिवावर येईल. तसं काही झालं नाही. मांडणी काढल्यावर खोली मात्र इतकी मोठी निघाली की मी आतल्या आत दोन चकरा मारल्या.

भिंतींना कुठला रंग, हा प्रश्न नव्हताच. सुलाबाई म्हणाली, चुना. आम्ही बोर्डवाले चुन्याला रंग म्हणत नाही. चुना मारणारा वेगळा आणि पेंटर वेगळा, असा आमचा तोरा. उस्तादांना कुणी चुन्याचं काम सांगितलं तर ते दोन दिवस बोलत नसत. पण कळीचा चुना भिजवला, तो ड्रममध्ये रटरट उकळायला लागला, मी डोळ्यांवर चष्मा चढवून लांबून काठीनं ढवळत राहिलो आणि माझा तोरा त्या वाफेबरोबर उतरला. डिंकाचं पाणी घातलं, चिमूटभर नीळ घातली. पहिला हात मारला तेव्हा भिंत राखाडी, ओली, उदास दिसली, वाटलं, फसलं. दुपारी वाळत-वाळत ती आपली आपण पांढरी झाली. मी स्टुलावर बसून ते बघत राहिलो. रंग लावल्यावर लगेच दिसतो, याची मला सवय होती. हा नंतर दिसत होता. तीन हात झाले, खिडकी उघडी राहिली, जयंती होऊन गेली, आणि सुलाबाईनं एके सकाळी खोलीच्या चारी कोपऱ्यांत उभं राहून श्वास घेतला आणि म्हणाली, "आणा पोरीला."

सिद्धोधन तिला सोडायला आला, चहा पिऊन "जयभीम" करून निघाला. सुकेशनी उंबऱ्यापाशी आली. पोट आता चांगलं दिसत होतं. मी तिच्या नाकाकडं बघत होतो, दुसरं काहीच बघत नव्हतो. हात वर गेला नाही. ती आत गेली, मध्यावर थांबली, भिंतीला तळवा लावला. "चुना ना? किती छान वास यायलाय, बाबा," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळून, हसून, वाट बघत राहिली. सुलाबाई माझ्याकडं बघायला लागली. "हो" तोंडात तयार होतं. महिनाभर मी ते तयार करून ठेवलं होतं.

"मला येत न्हाई," मी म्हणालो. "चुन्याचाच न्हाई, कशाचाच न्हाई. तू त्या दिवशी म्हणलीस तवाबी येत नव्हता. मी खरंच विचारलं होतं, कसला म्हणून."

त्या दिवशीचं स्वतःचं बोलणं तिला आठवत असणार, कारण तिची मान खाली गेली. मग तिनं वर बघितलं, भिंतीजवळ नाक नेलं आणि एखाद्या अवघड धड्याला सोपं उदाहरण शोधावं तशी विचार करायला लागली.

"नवा माठ आणला की त्यात पहिल्यांदा पाणी वततो बघा आपण," ती म्हणाली. "तसा हाय. जरासाच. आन गार."

मी डोळे मिटले. माठ दिसला. लाल, बुडाशी वाळू, बाहेरून हळूहळू काळपट ओला होत जाणारा. वास काही आला नाही.

"आला का?" तिनं विचारलं.

"माठ दिसला."

"बास की मग," ती म्हणाली, आणि पिशवीची चेन उघडून बाळाची दुपटी कोनाड्यात लावायला लागली.